‘मला जमत नाही’ आणि तिसऱ्या दिवशीचा मसाला

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यात लहान उद्योग करणाऱ्या बायकांसोबत मी काम करते. हे प्रकरण त्यातल्याच एकीचं, औसा तालुक्यातल्या एका खेड्यातलं. तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र तिच्या वहीतलेच आहेत. इथे तिला ताई म्हणते, कारण तिच्या बचत गटात सगळ्या तिला तेच म्हणतात.

२०२२ साली ताई ४१ वर्षांची होती. दोन मुलं, नवरा, सासू, तीन एकर कोरडवाहू आणि काळ्या मसाल्याचा घरगुती धंदा. शिक्षण सातवीपर्यंत, तेही अर्धवट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव उशिरा झोपलं होतं. त्यांचं घर पडलं, माणसं वाचली. पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले. आई मजुरीला जायची आणि धाकट्या दोघांना सांभाळायला ताई घरी थांबायची. शाळा पुन्हा सुरू झाली, ही परत गेली नाही. ‘मला काय कळतंय, मी शिकलेली नाही’ हे वाक्य तिच्या तोंडी कुठून आलं ते समजायला हा तपशील लागतो. तिची स्वतःबद्दलची शंका हवेतून आलेली नव्हती. तिला एक तारीख होती.

धंदा सुरू झाला तो २०१६ साली. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. शेतातून काहीच आलं नव्हतं. बचत गटातून १५,००० रुपये उचलून तिनं मिरची, धने, खोबरं भरलं आणि आईच्या हाताचा काळा मसाला करून विकायला सुरुवात केली. आपल्याकडे हा मसाला घरोघर होतो, तरी प्रत्येक घराचा वेगळा. ताई प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते: धने, तीळ, खसखस, शहाजिरं, लवंग, दालचिनी, जायपत्री, हळकुंड. खोबरं बदामी होईपर्यंत, आणि दगडफूल सगळ्यात शेवटी, कारण ते क्षणात करपतं आणि करपलं की सगळा घाणा कडू होतो. लग्नाच्या जेवणाला येसर, म्हणजे आमटीत घालायचं मसाल्याचं पीठ, लागतं, त्याच्याही ऑर्डरी यायच्या.

२०१९ मध्ये तिनं अन्नसुरक्षेची नोंदणी केली. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी ती साधी नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये. पाव किलोची पाकिटं सुरू झाली. २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत महिन्याला साधारण ३० किलो माल जायचा: लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेतला एक मोठा व्यापारी, तिथलंच एक लहान दुकान आणि औशातलं एक किराणा दुकान.

म्हणजे सहा वर्षं धंदा चालला होता. हे मुद्दाम सांगते, कारण ऑगस्टमध्ये तिला ही सहा वर्षं आठवतच नव्हती.

काय बिघडलं

श्रावणासाठी व्यापाऱ्यानं एकदम ६० किलोची ऑर्डर दिली. तोवरची सगळ्यात मोठी. ताईनं २५, २६ आणि २७ जुलै असे तीन दिवस काम लावलं, रोज २० किलो, म्हणजे रोज ८० पाकिटं. एकूण २४०.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात व्यापाऱ्याच्या टेम्पोतून १४३ पाकिटं परत आली. विकलेल्या ९७ चे पैसे त्यानं पाठवले आणि सोबत निरोप: मसाल्याला खवट वास येतोय, गिऱ्हाईक दुकानात येऊन बोलतंय. दोन दिवसांत ही गोष्ट औशाच्या दुकानापर्यंत पोचली आणि त्यानंही माल बंद केला. गंजगोलाईतल्या लहान दुकानदाराकडे तिचे आधीच्या मालाचे ४,२०० रुपये होते. त्यानं ‘आता काय द्यायचं, तुमचा माल असला’ म्हणून हात झटकले. वास्तविक त्याच्याकडचा माल वेगळा होता आणि कधीच विकून झाला होता.

ताईनं पाकिटं घरातल्या कोपऱ्यात रचली आणि वर गोधडी टाकली. पाच आठवडे तिनं मसाला केला नाही. एका लग्नाच्या येसरची ऑर्डर परत पाठवली. गटाच्या सचिवाला सांगितलं, पुढच्या कर्जाच्या यादीतून माझं नाव काढा. रात्री झोप नाही, जेवणावर मन नाही. मुलीनं काही विचारलं तर एकच उत्तर: “मला नगं विचारू, मला काय कळतंय.”

मी गेले तेव्हा म्हणाली, “माझ्यानं व्हईना मॅडम. माझ्या हाताला चवच राहिली नाही. शिकलेली असते तर असं झालं नसतं.”

या तीन वाक्यांत मसाल्याबद्दल एक शब्दही नाही. व्यापारी मालाबद्दल बोलला होता. ताईच्या मनात मात्र तो निकाल माणसाबद्दल लागला होता, आणि एकदा तसा निकाल लागला की तपास थांबतो. ‘मीच अशी’ हे कारण सापडलं की दुसरं कारण शोधायची गरज उरत नाही. त्या पाच आठवड्यांत कोपऱ्यातलं एकही पाकीट कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

पहिला प्रयत्न, जो फसला

पहिल्या भेटीत मी तिला धीर दिला. तुम्ही किती छान करता, सहा वर्षं घर चालवलंत, एवढ्या तेवढ्यानं खचायचं नाही. तिनं मान डोलावली. मी उठले तेव्हा ती होती तिथेच होती.

त्याच सुमारास शहरात ‘सकारात्मक विचारांची ताकद’ या विषयावर एक कार्यक्रम होता. मीच तिला तिथे पाठवलं. वक्त्यानं सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणा, मी यशस्वी आहे, मला सगळं जमतं. ताईनं नऊ दिवस इमानेइतबारे केलं. दहाव्या दिवशी मला फोनवर म्हणाली, “मी तसं म्हणते, अन् आतून कुणीतरी म्हणतंय, खोटं बोलायलीस.”

हा अनुभव तिच्या एकटीचा नव्हे. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य वारंवार म्हणायला लावल्यावर, न म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त वाईट वाटलं. ज्यांचं मत चांगलं होतं त्यांना थोडासा फायदा झाला. ज्याला औषध हवं त्याला ते बाधतं आणि ज्याला नको त्याला लागू पडतं, असा हा प्रकार. मला हे माहीत असायला हवं होतं. त्या नऊ दिवसांत ताईच्या मनात आणखी एक अपयश जमा झालं: सकारात्मक विचारसुद्धा मला जमत नाही.

सकारात्मक दृष्टी मला मोलाची वाटते, म्हणून तर हे लिहिते आहे. पण ती दृष्टी म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मला या प्रकरणात नव्यानं शोधावं लागलं.

समोर कोणते रस्ते होते

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघी बसलो: ताई, तिची सासू, गटाची सचिव आणि मी. नवरा दारात उभा राहून ऐकत होता.

धंदा बंद करून गावातल्या बायकांचा मसाला मजुरीवर करून द्यायचा, हा एक रस्ता होता. मिरची-धने त्यांचं, कष्ट हिचे. जोखीम नाही. ताईचा कल इकडेच होता आणि त्यात वावगं काही नव्हतं, पण मुलीच्या लातूरच्या शिक्षणाचा खर्च त्यातून निघणार नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, पुतण्या बारावी झालेला आहे, दुकानदारांशी बोलणं त्याच्याकडे द्या, हिनं नुसता मसाला करावा. ऐकायला सोयीचं होतं. मला ते सगळ्यात धोक्याचं वाटलं. ‘मला बोलता येत नाही’ ही तिची समजूत त्यानं कायमची पक्की झाली असती, आणि धंद्याचे हिशोबही हळूहळू तिच्या हातून गेले असते. मी हे तिथेच बोलून दाखवलं. नवऱ्याला ते आवडलं नाही.

सचिव म्हणाली, लगेच नवा माल करून व्यापाऱ्याला पाठवून द्या, नाव तरी राहील. पण बिघडलं कशानं हे माहीत नसताना तोच माल पुन्हा करायचा? शहरातल्या कार्यक्रमात तिला आणखी एक सल्ला मिळाला होता: मोठं स्वप्न बघा, कर्ज काढा, यंत्र घ्या. आत्मविश्वास डळमळलेल्या माणसानं तो सिद्ध करायला कर्ज काढणं, याच्याइतका महाग उपाय दुसरा नाही.

शेवटी सासू बोलली. तोवर ती तांदूळ निवडत गप्प बसली होती.

“तिसऱ्या दिवशी लाईट गेलती की. कांडप रातच्याला झालं. मी म्हणलं बी, उद्या भर म्हणून. ऐकलीस का?”

आमच्या दोन तासांच्या चर्चेतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच. ठरलं की आधी पाकिटं उघडायची. बाकी सगळं नंतर.

१४३ पाकिटं

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सतरंजी अंथरली. प्रत्येक पाकिटावर पॅकिंगच्या तारखेचा रबरी शिक्का होता. घाण्याचा क्रमांक नव्हता, पण तारीख होती, तेवढं नशीब. तारखेप्रमाणे तीन ढीग केले. मग ताई एकेक पाकीट कात्रीनं कापायची, नाकाशी धरायची, चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळायची. चांगला मसाला अंगठ्याखाली सुटा राहतो आणि तेलाचा हलका डाग सोडतो. बिघडलेल्याची गोळी होते.

पहिल्या ढिगातली दहा पाकिटं झाली, वीस झाली. सगळी चांगली. ताईचा स्वतःच्या नाकावर विश्वास बसेना, म्हणून तिनं सासूच्या नाकाशी धरलं. सासू म्हणाली, “चांगला हाय की गं.” दुसरा ढीगही चांगला निघाला. तिसऱ्यातलं पहिलंच पाकीट कापलं आणि तो वास आला: जुन्या खोबऱ्याचा, कोंदट. आतल्या बाजूला प्लॅस्टिकला मसाला चिकटून खडे झालेले.

संध्याकाळपर्यंत मोजणी झाली. बिघडलेली ५२, सगळीच्या सगळी २७ जुलैची. चांगली ९१. व्यापाऱ्यानं त्याच्या दृष्टीनं बरोबरच केलं होतं, त्यानं राहिलेला सगळा माल परत केला. पण ताई गेले पाच आठवडे जे मनात घोकत होती, ते ‘सगळा मसाला बिघडला’ असं होतं.

मग २७ जुलै आठवून आठवून लिहून काढला. दुपारी पावसानं लाईन गेली. रात्री नऊला आली. कांडपावरून मसाला साडेदहाला घरी आला. कुटताना तो तापतो, शिवाय भाजलेल्या खोबऱ्याचं आणि तिळाचं तेल सुटलेलं असतं. टेम्पो सकाळी सहाला येणार होता, म्हणून रात्रीच पाकिटं भरली. कोमट मसाला बंद पिशवीत गेला की त्यातली वाफ आतल्या आत गार होते, तिचं पाणी होतं. त्यात पावसाळ्याची दमट हवा आणि पातळ पिशवी. खोबरं खवट व्हायला आणखी काय लागतं?

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजी मसाला चांगलाच झालता.”

उघडलेली चांगली पाकिटं पुन्हा बंद करून विकणं योग्य नव्हतं. तो पावणेतेवीस किलो मसाला तिनं गावातच, काय झालं ते सांगून, ३०० रुपये किलोनं सुटा विकला. ६,८२५ रुपये आले. परत आलेल्या मालाचा खर्च, किलोला ३८० प्रमाणे, १३,५८५ होता. म्हणजे प्रत्यक्ष खोट ६,७६० रुपयांची. ‘सगळं बुडालं’ या शब्दांच्या जागी वहीत हा आकडा बसला. आकडा लहान नव्हता, सोयाबीनच्या काढणीला तेवढेच पैसे लागतात. पण आकडा फेडता येतो.

वहीतले तीन रकाने

त्याच वहीत आम्ही मागच्या पानावर तीन रकाने पाडले: काय झालं, मी मनात काय म्हणाले, आणि पुरावा काय. ही कल्पना माझी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा घरगुती अवतार. मराठी वाचकांपर्यंत ती पोचवण्यात डॉ. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. त्यातलं एक सूत्र ताईला चटकन पटलं: कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत. ती म्हणाली, भाकरी करपली म्हणून तवा फेकत नाही आपण.

एका पानावर तिच्या अक्षरात असं आहे. पहिल्या रकान्यात: ‘औशाचे दुकानदार फोन उचलेनात.’ दुसऱ्यात: ‘माझं तोंड बघायची इच्छा नाही त्यांची.’ तिसऱ्यात आधी काहीच नव्हतं, मग दोन दिवसांनी वेगळ्या शाईत: ‘त्यांच्या आईला दवाखान्यात नेलं होतं.’

प्रत्येक वेळी तिसरा रकाना दिलासा देणारा निघाला नाही, हेही सांगायला हवं. ‘मला हिशोब कळत नाही’ यापुढे पुरावा खरा निघाला: तिनं पाकिटाच्या किमतीत स्वतःची मजुरी कधी धरलीच नव्हती. तिच्या शंकेतला एवढा भाग माहिती होता. तो पुसायचा नव्हता, शिकून घ्यायचा होता. सचिवेनं दोन संध्याकाळी बसून तिला खर्च मांडायला शिकवलं. सातवीचं गणित पुरलं.

दुकानाच्या पायरीवर

पुढचा निर्णय: व्यापाऱ्याकडे कोणी जायचं? फोन करायचा, पुतण्याला पाठवायचं, की स्वतः? ताईनं तीनदा बेत रद्द केला. मी सोबत येते म्हणाले, तर ती म्हणाली, “तुम्ही आलात की ते तुमच्याशीच बोलतील.” बरोबर होतं तिचं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं होतं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणीतरी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम. मी तोवर तिसऱ्या वाटेवरच घुटमळत होते. म्हणून आम्ही पायऱ्या पाडल्या. आधी दहा किलोचाच घाणा, नव्या पद्धतीनं: मसाला रात्रभर सुती कापडावर पसरून, सकाळी आत हात घालून गार लागला तरच भरायचा, आणि पिशवी जाड, दोन थरांची. मग त्यातली पाच पाकिटं गावातल्याच ओळखीच्या घरी. मग गटातल्या एका बाईसोबत, जिचे पापड शहरात जातात, तिच्या दुकानांवर नुसतं जाऊन बघायचं. ती पापडवाली नववी नापास. दुकानदाराशी ती ज्या सहजतेनं बोलली, ते ताईनं मला नंतर शब्दशः सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये ताई एकटी एसटीनं लातूरला गेली. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. म्हणाली, त्या दिवशी मी दोनदा चुकीच्या रस्त्याला वळले, वाट माहीत असून. व्यापाऱ्याला तिनं नवं पाकीट दिलं आणि पाठ केलेलं सांगितलं: तिसऱ्या दिवशीचा माल गरम भरला गेला, चूक माझी, आता अशी पद्धत बदलली आहे. तो म्हणाला, “माल परत गेला की लोक फोन उचलत नाहीत ताई. तुम्ही दुकानात आलाव.” पाच किलो ठेवून घेतलं, विकलं तर पैसे या बोलीवर. औशाच्या दुकानदारानं ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. आजही तो माल घेत नाही. ४,२०० वाल्याकडे ती चार वेळा गेली तेव्हा २,००० मिळाले.

औशाचा नकार वहीत आहे. दुसऱ्या रकान्यात: ‘वाईट वाटलं.’ तिसऱ्यात: ‘त्याला नको आहे.’ एवढंच.

भाव सांगून गप्प बसणं

हा भाग आमच्या योजनेत नव्हता. पण मला वाटतं सगळ्यात खोल बदल इथेच झाला.

एकदा तिच्या घरी असताना गिऱ्हाईक आलं. भाव विचारला. ताई म्हणाली, “एकशेचाळीस पाकीट. जास्त वाटत असंल तर कमी करू.” समोरच्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं. मी नंतर विचारलं, हे नेहमी म्हणता का? तिला आठवेना. मुलगी आतून म्हणाली, नेहमी. सहा वर्षं ती भाव सांगताना स्वतःच तो पाडत होती.

मग एकच सराव ठरला. भाव सांगायचा आणि मनात पाचपर्यंत मोजायचं, तोवर बोलायचं नाही. सुरुवातीला मुलीसमोर केला, हसत हसत. खऱ्या गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा केला तेव्हा तिला तीनपर्यंतच मोजता आलं, कारण तेवढ्यात बाईनं पैसे काढले. पुढच्या महिन्याभरात तिनं वहीत खुणा केल्या: २३ वेळा भाव सांगितला, त्यातले सहा जण कमी करा म्हणाले, दोघं न घेता गेले. आधी तिला वाटायचं की सगळेच जातील.

मुलीनं त्याच सुमारास एक गोष्ट सांगितली. कॉलेजात सरांनी विचारलं तर उत्तर येत असूनही ती ‘मला नीट माहीत नाही’ म्हणून सुरुवात करायची. ते वाक्य घरातूनच आलं होतं.

परिणाम

२०२३ च्या मध्यापर्यंत माल पुन्हा महिन्याला ३० किलोवर आला. नंतरच्या वर्षात सरासरी ४५ किलो. २०२४ मध्ये, म्हणजे प्रकरण घडल्यावर दीड वर्षानं, तिनं स्वतः कर्जाचा विषय काढला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान तेव्हा मिळत होतं. तिचा प्रकल्प २ लाख ८० हजारांचा: छोटं कांडप, भाजणी यंत्र, पिशवी बंद करायचं यंत्र. स्वतःचे २८,००० घातले. अनुदान बसलं ९८,०००. बँकेतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, मागे कधी नुकसान झालं का? तिनं २७ जुलैचं पान दाखवलं.

पावसाळ्यात घाणा दहा किलोच्या वर जात नाही. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून फळीवर तीन महिने राहतं. मोठी ऑर्डर आली की आदल्या रात्री तिला अजूनही झोप लागत नाही. ‘मला काय कळतंय’ अधूनमधून तोंडात येतं, मग मुलगी आतून खाकरते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळी १४३ पाकिटं कापायची गरज नव्हती. प्रत्येक तारखेची आठ-दहा उघडली असती तरी चित्र कळलं असतं आणि राहिलेला चांगला माल वाचला असता. मी ते सुचवलं नाही, कारण त्या दिवशी ताईला प्रत्येक पाकीट स्वतःच्या नाकानं तपासायचं होतं. आज मी निदान पर्याय तिच्यासमोर ठेवीन.

पाच आठवडे फार झाले. माल परत आला त्याच आठवड्यात सासूला कुणी विचारलं असतं तर २७ जुलैची रात्र तेव्हाच समोर आली असती. घरातल्या ज्या माणसाला आपण हिशोबात धरत नाही, त्याच्याकडे कधीकधी अर्धा तपास तयार असतो. आणि कार्यक्रमाला पाठवण्याआधी मी तिच्या मनात काय चाललं आहे ते ऐकून घ्यायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मी उशिरा केली. दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते फक्त धंद्याचं खचणं असेलच असं नाही. मी ते थेट विचारलं तिसऱ्या भेटीत. ताईच्या बाबतीत काम सुरू झाल्यावर झोप परत आली. तशी आली नसती तर वहीचे रकाने पुरले नसते, डॉक्टरच गाठावे लागले असते. आता टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. तो मी प्रत्येक गटात पहिल्याच दिवशी लिहून देते.

नवऱ्याशी मी वेगळं बसून बोलायला हवं होतं. पुतण्याचा बेत मी सगळ्यांसमोर मोडला, त्याचा राग त्यानं वर्षभर धरला आणि तो ताईला सोसावा लागला. आता पाकिटं पोचवायला तोच जातो, तरी ती कडवट चव टाळता आली असती.

परवा तिचा फोन आला. मुंबईत बचत गटांच्या मालाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे गटातर्फे जायचं का यावर चर्चा चालू आहे. अजून ठरलेलं नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, “तिकडं समुद्राची हवा लई दमट असती म्हणतेत. पिशवी आणखी जाड घेऊ का डबे करू?”